विणकरांच्या ताटातलं लोणी

फ्रान्समधल्या ल्यों शहरात ‘बूशों’ नावाच्या छोट्या खानावळी आहेत. टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, शेजारच्या गिऱ्हाइकाचं कोपर लागेल इतक्या जवळ मांडलेल्या खुर्च्या आणि फळ्यावर खडूनं लिहिलेली पदार्थांची यादी. सुरुवातीला डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे समोर येतात. मागोमाग कोंबडीच्या कलेजीचा, अंडी आणि साय घालून शिजवलेला मऊसूत केक, किंवा लोणी घातलेल्या पावाच्या कणकेत गुंडाळून भाजलेलं जाडजूड सॉसेज. मग मुख्य पदार्थ. पावाचा चुरा लावून तळलेली वजडी, मोहरीच्या सॉसमधलं आतड्यांचं सॉसेज, नाहीतर लोण्या-सायीच्या सॉसमध्ये फुगून वर आलेला माशाचा केनेल. सोबत साय आणि लसूण घालून भट्टीत भाजलेले बटाट्याचे काप. त्यानंतर चीज आणि चीजनंतर गोड. ही सगळी यादी एकट्यानं संपवायची नसते, पण तीन-चार पदार्थ तरी प्रत्येक जण घेतोच.

फ्रेंच जेवण म्हटलं की मोठ्या पांढऱ्या बशीच्या मधोमध ठेवलेला घासभर पदार्थ डोळ्यांसमोर येतो. बूशोंशी त्याचा काही संबंध नाही. इथे भांडं टेबलावर येतं आणि हवं तितकं वाढून घ्यायचं, अशी कितीतरी ठिकाणी पद्धत आहे. इतकं स्निग्ध, इतकं भरभक्कम अन्न राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून खाली उतरलं असेल, असं कुणालाही वाटेल. ते आलं मात्र खालून. ज्यांच्यासाठी हे शिजू लागलं ते रेशीम विणणारे कामगार होते. ज्यांनी ते जगभर नावारूपाला आणलं, त्या बहुतेक दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या बायका होत्या. या दोघांना बाजूला ठेवून बूशोंचं ताट समजून घेता येत नाही, असं मला वाटतं.

ल्यों वसलंय ते सोन आणि रोन या दोन नद्यांच्या संगमावर. 1536 साली राजा पहिला फ्रान्स्वा यानं शहराला रेशीम विणण्याचे विशेष हक्क दिले आणि पुढची तीनशे वर्षं हे शहर मागांच्या आवाजात जगलं. एकोणिसाव्या शतकात क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर विणकरांची वस्ती होती. 1804 च्या सुमारास जकार्डचा नवा माग आला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून नक्षी आपोआप उतरवणारा हा माग इतका उंच होता, की त्यासाठी त्या टेकडीवरच्या घरांची छतं चार-चार मीटरवर बांधलेली आजही दिसतात. त्या एकाच खोलीत माग चालायचा, मुलं झोपायची, स्वयंपाक व्हायचा. या विणकरांना ‘कान्यू’ म्हणत. कापडाला किमान ठरावीक दर मिळावा म्हणून 1831 साली त्यांनी उठाव केला, 1834 साली पुन्हा केला, आणि दोन्ही वेळा सैन्य उतरवून तो मोडून काढण्यात आला. युरोपातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात या दोन उठावांना मोठं स्थान आहे.

अंगमेहनतीचं हे काम पहाटे सुरू व्हायचं. सकाळी नऊच्या सुमारास हात थांबायचे आणि ‘माशों’ व्हायचा. नाश्ता म्हणावा तर त्यात वाइन असायची आणि जेवण म्हणावं तर वेळ सकाळची. थंड सॉसेज, वजडी, कालचं उरलेलं काहीबाही, पाव, चीज. या ताटातल्या चरबीचा हिशेब सरळ आहे. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून किंवा प्रथिनांतून शरीराला साधारण चार कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चरबीतून नऊ. दिवसभर माग ओढणाऱ्या माणसाला थोडक्या पैशांत, थोडक्या वेळात सर्वांत जास्त बळ देणारी गोष्ट म्हणजे चरबी. शिवाय जनावराचे चांगले भाग श्रीमंतांच्या घरी जायचे. उरायची ती वजडी, आतडी, पाय, डोकं, कलेजी, रक्त. हे सगळं स्वस्त मिळायचं.

स्वस्त मिळायचं, पण शिजायला सोपं नव्हतं. वजडी म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचं अस्तर. त्यात कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन ठासून भरलेलं असतं. थोडा वेळ शिजवली तर ती चामड्यासारखी लागते. तासन्‌तास मंद आचेवर ठेवली, की कोलॅजेनच्या एकमेकांत पिळलेल्या साखळ्या सुटत जातात आणि त्याचं जिलेटीन होतं. जिलेटीन पाणी धरून ठेवतं, ओठांना किंचित चिकटतं आणि तोंडात मऊ पसरतं. ल्योंमध्ये अशी शिजवलेली वजडी व्हाइट वाइनमध्ये मुरवतात, अंडं आणि पावाचा चुरा लावून लोण्यात किंवा तेलात सोनेरी तळतात आणि अंडं, मोहरी, आंबवलेल्या केपरच्या कळ्या घातलेल्या आंबट सॉसबरोबर देतात. बाहेरून कुरकुरीत, आतून थलथलीत. ज्याला हा पोत आवडत नाही त्याच्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नाही, पण ज्याला आवडतो त्याला मांसाचा महागातला महाग तुकडाही त्याच्यापुढे सपाट वाटतो. फ्रान्स्वा राबले 1532 साली ल्योंच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर होता आणि त्याच शहरात त्याची पुस्तकं छापली जात होती. त्याच्या कादंबरीतला राक्षस गार्गान्त्युआ जन्माला येतो, तोच मुळी आईनं अतोनात वजडी खाल्ल्यावर. म्हणजे विणकरांची वस्ती टेकडीवर जायच्या कितीतरी आधीपासून वजडीची ही आवड त्या शहराच्या हवेत होती.

आता बायकांकडे येऊ. ल्योंच्या सुखवस्तू व्यापाऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका असत. घरचं लोण्या-सायीचं, निगुतीनं केलेलं जेवण त्यांच्या हाती होतं. मालकांची परिस्थिती बिघडली किंवा स्वतःचं काही करावंसं वाटलं, की त्यातल्या काही जणी बाहेर पडून छोटी खानावळ काढत. त्यांना लोक ‘मेर’, म्हणजे आई, म्हणू लागले. त्यांची पद्धत बहुतेक सारखी असायची. पदार्थ मोजके, तेच रोज, पण त्यात कसर नाही. फ्रान्स्वाज फायोल ही ‘मेर फियू’ म्हणून प्रसिद्ध झाली. कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफल या सुगंधी कवकाच्या चकत्या सरकवून, ती रस्स्यात हळूहळू शिजवून स्वतः गिऱ्हाइकासमोर कापून वाढायची, ही तिची ख्याती. पांढऱ्या कातडीतून दिसणाऱ्या काळ्या चकत्यांमुळे त्या कोंबडीला ‘अर्ध्या सुतकातली कोंबडी’ म्हणतात. ट्रफलमधली गंधद्रव्यं चरबीत चटकन मुरतात आणि कोंबडीच्या कातडीखाली चरबीचाच थर असतो. त्यामुळे तो वास रस्स्यात वाहून न जाता मांसाला धरून राहतो. त्या काळात हे रसायन कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं, हाताला ते कळलं होतं.

याच मेर फियूच्या हाताखाली एजेनी ब्राझिए शिकली. तिची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटते. 1895 साली ब्रेस भागातल्या एका खेड्यात तिचा जन्म झाला. दहा वर्षांची असताना आई गेली आणि ती शेतांवर कामाला लागली. डुकरं राखायची, पडेल ते काम करायचं. एकोणिसाव्या वर्षी लग्नाआधी मूल झालं आणि वडिलांनी तिला घरात ठेवून घेतलं नाही. ती ल्योंला आली, एका घरी मूल सांभाळायला राहिली, मग तिथेच स्वयंपाक करू लागली. 1921 साली र्यू रॉयाल या रस्त्यावर बारा नंबरच्या जागेत तिनं स्वतःची खानावळ काढली. पुढे शहराबाहेर कोल द ला ल्युएर नावाच्या खिंडीत लाकडी घरात दुसरी काढली. सुरुवातीला तिथे ना वीज होती, ना गॅस. 1933 साली मिशलँ मार्गदर्शिकेनं तिच्या दोन्ही ठिकाणांना प्रत्येकी तीन तारे दिले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती. त्यानंतर 65 वर्षांनी, 1998 साली, आलां द्युकास या प्रसिद्ध शेफला सहा तारे मिळाले तेव्हा अनेकांनी ‘पहिला’ म्हणून त्याचाच गौरव केला. खेड्यातून आलेल्या, शाळेत धड जाऊ न शकलेल्या एका बाईचा विक्रम इतक्या सहज विसरला जावा, याचा मला राग येतो.

ब्राझिएचा ठरलेला बेत काय होता? आर्टिचोकच्या गाभ्यावर फ्वा ग्रा, म्हणजे मुद्दाम चरबट केलेलं बदकाचं किंवा हंसाचं लिव्हर. मग भट्टीत फुगवलेला केनेल. मग तीच अर्ध्या सुतकातली कोंबडी. फ्वा ग्रासाठी पक्ष्याला नळीनं जबरदस्तीनं भरवतात, आणि या कारणानं अनेक देशांत त्याच्या उत्पादनावर बंदी आहे. माझ्या मते ल्योंचं जेवण फ्वा ग्राशिवाय मुळीच उणं पडत नाही. कोंबडीचं तसं नाही. ल्योंच्या ईशान्येला असलेल्या ब्रेस भागातल्या कोंबड्यांना 1957 पासून कायद्याचं संरक्षण आहे. पांढरी पिसं, निळसर पाय, लाल तुरा. प्रत्येक पक्ष्याला किमान 10 चौरस मीटर गवताळ जागा द्यावी लागते आणि खाद्यात मका, गहू आणि दुधाचे पदार्थ असतात. कारखान्यातली कोंबडी पाच-सहा आठवड्यांत बाजारात जाते, ब्रेसची चार महिने तरी वाढते. शेवटचे काही दिवस तिला अंधाऱ्या खोलीत लाकडी खुराड्यात ठेवतात. तिथे हालचाल कमी होते आणि चरबी स्नायूंच्या धाग्याधाग्यांत शिरते. शिजताना ती आतल्या आत वितळते, म्हणून ते मांस कोरडं पडत नाही.

ल्योंच्या भोवतालचा नकाशा पाहिला की हे ताट जुळून येतं. ईशान्येला ब्रेसच्या कोंबड्या, तिथेच जवळ दोंब भागातली मध्ययुगात खोदलेली शेकडो तळी आणि त्यांतले मासे व बेडूक, वायव्येला शारोले जातीची पांढरी गुरं, उत्तरेला बोजोलेचे द्राक्षमळे, पूर्वेला डोंगराळ दोफिने भागाचं दूध, साय, अक्रोड, आणि दक्षिणेकडून रोनच्या खोऱ्यातली फळं-भाज्या. खाली भूमध्य समुद्राकडे ऑलिव्ह तेलाचा मुलूख सुरू होतो. ल्यों मात्र लोण्याच्या बाजूला आहे.

ते लोणी नेमकं काय काम करतं, हे बघायचं तर केनेलसारखा दुसरा पदार्थ नाही. दोंबच्या तळ्यांत पाइक नावाचा शिकारी मासा मिळतो. मांस चवदार, पण त्यात दोन टोकांच्या बारीक काट्यांचं असं जाळं, की तो तसाच खाणं म्हणजे शिक्षाच. म्हणून त्याचं मांस वाटून बारीक चाळणीतून घासून काढतात. काटे वर राहतात. खाली उतरलेल्या लगद्यात मीठ घालून घोटलं, की मांसातली मायोसिन नावाची प्रथिनं सुटी होतात आणि लगदा चिकट होतो. ही सुटी प्रथिनं पाणी आणि चरबी दोन्ही पकडून ठेवतात. मग दूध, लोणी आणि मैदा शिजवून केलेला गोळा, अंडी आणि आणखी लोणी त्यात मिसळतात. जुन्या कृतींत लोण्याऐवजी बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबीही असे. चमच्यांनी लांबट वळून हे गोळे उकळीच्या जरा खालच्या पाण्यात शिजवतात आणि नंतर सॉसमध्ये ठेवून भट्टीत घालतात. तिथे गोळ्यातल्या पाण्याची वाफ होते, अंड्याचं आणि माशाचं प्रथिन ती वाफ कोंडून धरतं, मैद्यातला स्टार्च फुगतो आणि केनेल बघता बघता जवळजवळ दुप्पट होतो. भट्टीबाहेर काढल्यावर तो लगेच खाली बसू लागतो. म्हणूनच बूशोंमध्ये केनेल मागवला की थांबावं लागतं, आणि आला की बोलणं थांबवून खायला घ्यावं लागतं.

त्याचा सॉस नांत्युआ गावच्या नावानं ओळखला जातो. गोड्या पाण्यातल्या लॉबस्टरसारख्या दिसणाऱ्या छोट्या क्रेफिशची कवचं कुटून लोण्यात मंद गरम करतात आणि गाळून घेतात. लोणी नारिंगी-लाल होतं. जिवंत क्रेफिशच्या कवचातलं अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ते हिरवट-तपकिरी दिसतं. उष्णतेनं प्रथिन मोडलं, की लाल रंग मोकळा होतो. आपली कोळंबी कढईत पडल्यावर लालसर होते ती याच कारणानं. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. कवचातली बरीचशी गंधद्रव्यंही तशीच. पाण्यात कवचं उकळली तर त्यातलं अर्धंमुर्धंच हाती लागलं असतं. लोणी ते सगळं ओढून घेतं आणि पुढे दुधा-मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये आणि सायीत पसरवतं. फ्रान्समध्ये लोण्यात किमान 82 टक्के चरबी असावी लागते, बाकी बहुतांश पाणी. सॉसमध्ये चरबीचे सूक्ष्म थेंब सगळीकडे सारखे विखुरलेले राहिले तर तो जिभेवर सायीसारखा लागतो. जास्त तापून ते थेंब एकमेकांत मिसळले, की वर तवंग येतो आणि खाली चोथापाणी उरतं. चांगल्या आणि वाईट बूशोंमधला फरक बहुधा इथेच दिसतो. लोणी दोघांकडे सारखंच असतं. यांतलं एक ताट खाल्ल्यावर आणखी एक घास घ्यावासा वाटतो, दुसऱ्यात मात्र तिसऱ्या घासाला जीभ थकते. युरोपातले मूळचे क्रेफिश एका साथीच्या रोगानं फार कमी झाले आहेत, त्यामुळे आज सॉसमधले बरेचसे परदेशातून येतात.

लोण्याचा हा ध्यास ल्योंच्या दक्षिणेला व्हिएन गावात फर्नां प्वां या शेफनं टोकाला नेला. त्याच्या ‘ला पिरामिद’ला 1933 मध्येच तीन तारे मिळाले होते. ल्योंजवळच्या कोलोंज गावचा पोल बोक्यूज त्याच्याकडे शिकला आणि त्याआधी, 1946 साली, ब्राझिएच्या खिंडीतल्या खानावळीत शिकला. तिथे स्वयंपाकाआधी गाईंचं दूध काढणं, कपडे धुणं आणि इस्त्री करणं त्याच्या वाट्याला आलं. 1965 साली त्याच्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळाले आणि ते 2020 पर्यंत टिकले. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी तिसरा तारा गेला. 1975 साली राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्यासाठी त्यानं केलेलं ट्रफलचं सूप प्रसिद्ध आहे. वाटीवर पापुद्र्याच्या पेस्ट्रीचं झाकण असतं, चमच्यानं ते फोडलं की कोंडलेला वास एकदम बाहेर येतो. त्याच सुमारास पॅरिसमधले समीक्षक हलक्या, कमी सॉसच्या ‘नव्या पाककले’चा पुरस्कार करत होते आणि बोक्यूजचं नाव त्या लाटेशी जोडलं गेलं होतं. तो मात्र आयुष्यभर लोणी, साय आणि वाइन यांची बाजू घेत राहिला. त्याला घडवणाऱ्या बाईकडे पाहिलं, की यात नवल वाटत नाही.

एवढी चरबी पोटात गेल्यावर काय होतं? अन्न जठरातून लहान आतड्यात जातं. तिथे चरबी पोहोचली, की आतड्याच्या भिंतीतून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते पित्ताशयाला पित्त सोडायला लावतं आणि जठराचा वेग कमी करतं. म्हणून जड जेवणानंतर तासन्‌तास भूक लागत नाही. विणकराला हेच हवं होतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. ल्योंच्या जेवणात पदार्थ एकामागून एक, मध्ये अंतर ठेवून येतात, आणि तेवढ्यात पोट आपलं म्हणणं सांगू शकतं. शिवाय प्रत्येक वळणावर आंबट काहीतरी असतं. सुरुवातीच्या सॅलडमध्ये कडसर पानं, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अर्धकच्चं अंडं असतं, पण त्यावर व्हिनेगर सढळ हातानं घातलेलं असतं. ताज्या मऊ चीजमध्ये छोटे कांदे, हिरव्या पातीचे प्रकार, तेल आणि व्हिनेगर घोटून केलेला कान्यूंचा आवडता पदार्थ तर आंबटसर दह्याच्याच कुळातला. वाइन बोजोलेची, हलकी आणि आंबटपणाकडे झुकणारी, जाड बुडाच्या 46 सेंटिलिटरच्या बाटलीत येते. आंबटपणानं लाळ सुटते आणि जिभेवरचा चरबीचा थर धुतला जातो. हा तोल नसता तर इतकी चरबी कुणाला गिळवलीच नसती.

पण जिभेचा तोल साधला म्हणजे हृदयाचाही साधला, असं नाही, आणि याचे काही महत्त्वाचे पुरावे ल्योंमध्येच गोळा झाले. चरबी भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकाराचं प्रमाण कमी कसं, हा प्रश्न 1990 च्या दशकात जगभर गाजला, तो सेर्ज रनो या संशोधकामुळे. त्याचा ल्योंमधल्या संशोधनाशी जवळचा संबंध होता. वाइनमुळे असावं, असा त्याचा अंदाज. त्याच्याच सहभागानं ल्योंमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 605 रुग्णांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना भूमध्यसागरी पद्धतीचा आहार दिला. भाज्या, फळं, पाव, मासे जास्त, मांस कमी, आणि लोणी-सायीच्या जागी रेपसीड तेलाचं मार्गारीन. 1994 मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या गटात पुन्हा झटका येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण फार कमी होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं मुख्यालयही याच शहरात आहे. सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवतं, असं तिनं 2015 साली जाहीर केलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. वाइनच्या आधाराची बाजूही पुढे लंगडी पडली. दारूची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं. माझं मत असं, की बूशोंचं जेवण हे श्रमाचं अन्न आहे. दिवसभर माग चालवणाऱ्याच्या ताटातलं ते अन्न दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यानं रोजचं केलं तर त्याचा हिशेब जमणार नाही. वर्षातून एकदोनदा, मोकळा वेळ काढून, चार माणसांत ते जरूर खावं.

1997 साली अस्सल बूशोंना प्रमाणपत्र देणारी एक संघटना ल्योंमध्ये काम करू लागली. बाहुल्यांच्या खेळातला न्याफ्रों नावाचा दारुडा चांभार, हातात वाइनचा पेला, ही त्या प्रमाणपत्राची निशाणी. म्हणजे गरिबांच्या वजडीला शहरानं आपली ओळख म्हणून मिरवायला घेतलं. मराठी माणसाला इथे आपल्या घराकडे पाहावंसं वाटेल. गोव्यात डुकराच्या काळीज-हृदयाचं सोरपोतेल ख्रिसमसच्या आणि लग्नाच्या जेवणात मानानं बसतं. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांतली रक्ती, चान्या आणि वजडीच्या कितीतरी तऱ्हा मात्र जातीच्या भिंतीमागे राहिल्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात 2015 साली त्या लिहून काढल्या, तोपर्यंत मराठी पाककृतींच्या पुस्तकांनी त्यांना फारशी जागा दिली नव्हती. ल्योंमध्ये उरलंसुरलं मांस वर्गाची रेषा ओलांडून वर गेलं. आपल्याकडे रेषा जातीची आहे आणि ती ओलांडणं कितीतरी अवघड. त्या अन्नामागेही तेच कसब आहे, तीच काटकसर आहे, आणि तोच तासन्‌तास धरलेला धीर आहे.

कुणी ल्योंला जाणार असेल तर थोडी माहिती हाताशी असावी. सोन नदीपलीकडच्या जुन्या शहरात पर्यटकांसाठी उघडलेली बूशोंसारखी दिसणारी दुकानं पुष्कळ आहेत. यादी आटोपशीर आहे का आणि आसपासच्या टेबलांवर फ्रेंच बोलणारी माणसं दिसतात का, हे बघून आत शिरावं. शनिवार-रविवारी बरीच बंद असतात, टेबल आधी सांगून ठेवलेलं बरं. दुपारचं ठरावीक दराचं जेवण संध्याकाळपेक्षा स्वस्त पडतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं व्हिनेगरचं सॅलड, केनेल, पिकून पाघळलेलं सां-मार्सलँ चीज आणि गुलाबी साखरेत घोळवलेले बदाम सायीत वितळवून केलेला टार्ट, असा क्रम घ्यावा. सकाळचा माशोंही काही ठिकाणी अजून मिळतो, नऊच्या सुमारास. शाकाहारी माणसाला बटाट्याचे सायीतले काप, कान्यूंचं आंबट चीज, सां-मार्सलँ आणि टार्ट यांवर पोट भरता येतं, पण सॅलडमध्ये डुकराचं मांस असतं, केनेलच्या सॉसमध्ये क्रेफिश असतात आणि टार्टच्या कणकेत कधी कधी लोण्याऐवजी डुकराची चरबीही वापरलेली असू शकते, म्हणून प्रत्येक पदार्थाबद्दल बसतानाच स्पष्ट विचारून घ्यावं.